कान्हाचा बारशिंगा : स्वरूप, अधिवास आणि ऋतुचक्र

प्रस्तावना :

मराठीत 'हरीण' हा शब्द ढोबळ अर्थाने वापरला जातो. माळावरचा काळवीट, डोंगरउतारावरचे भेकर, जंगलातील चितळ आणि सांबर या सर्वांना बोलण्यात सर्रास हरीणच म्हटले जाते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र यांत दोन वेगळी कुले एकत्र येतात. काळवीट, चिंकारा आणि चौशिंगा हे बोव्हिडी, म्हणजे गाई-म्हशींच्या कुलातील प्राणी होत. त्यांची शिंगे पोकळ व फाटे नसलेली असून ती जन्मभर टिकतात. चितळ, सांबर, भेकर आणि बारशिंगा हे सर्व्हिडी, म्हणजे खऱ्या हरणांच्या कुलातील होत. या हरणांमध्ये शिंगे फक्त नरांनाच असतात. ती भरीव हाडाची व फाटे असलेली असून ठरावीक काळाने गळून पडतात आणि पुन्हा नव्याने उगवतात.

या खऱ्या हरणांपैकी बारशिंगा हा भारतीय उपखंडाबाहेर कोठेही नैसर्गिकरीत्या न आढळणारा प्राणी आहे. त्याची मध्य भारतीय उपजाती विसाव्या शतकात नामशेष होण्याच्या काठावर पोहोचली आणि तेथून परत आली. तिच्या ऱ्हासाचे आकडे विचार करायला लावणारे आहेत. मध्य प्रदेशातील कान्हा परिसरात १९३८ च्या सुमारास सुमारे ३००० बारशिंगे असल्याची नोंद आहे. १९५३ मध्ये ही संख्या ५५१ वर आली. १९५५ मध्ये कान्हाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्यानंतर घट थांबावयास हवी होती. परंतु १९७० मध्ये तेथे अवघे ६६ बारशिंगे उरले. संरक्षित क्षेत्राच्या आतच एखादा प्राणी असा का संपत जातो, या प्रश्नाचे उत्तर बारशिंग्याच्या वर्षभराच्या जीवनक्रमात आहे. प्रस्तुत लेखात या प्राण्याचे स्वरूप, त्याचा अधिवास व ऋतुचक्र यांचे विवेचन करून त्याच्या आधारे त्याच्या ऱ्हासाची आणि पुनरुज्जीवनाची कारणमीमांसा केली आहे.

नाव, वर्गीकरण व प्रसार :

'बारशिंगा' या नावातील बारा हा आकडा शिंगांचा नसून शिंगांच्या टोकांचा आहे. पूर्ण वाढ झालेल्या नराच्या दोन्ही शिंगांना मिळून साधारणतः दहा ते चौदा टोके असतात. क्वचित याहून अधिकही आढळतात. मध्य भारतातील बोलींत नराला 'गोइंजक' व मादीला 'गावनी' अशी स्वतंत्र नावे असल्याचे जुन्या प्राणिशास्त्रीय ग्रंथांत नमूद आहे. आसामात त्याला दलदलीचा हरीण या अर्थाचे 'दलहरिणा' हे नाव आहे. एकच प्राणी एका प्रदेशात शिंगांवरून आणि दुसऱ्या प्रदेशात दलदलीवरून ओळखला जावा, ही बाब त्याच्या अधिवासातील फरकावर प्रकाश टाकणारी आहे.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२३ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. भारतात राहून प्राण्यांचे नमुने गोळा करणारे निसर्गअभ्यासक आल्फ्रेड ड्युव्हॉसेल यांच्या सन्मानार्थ तिला 'ड्युव्हॉसेली' हे जातिनाम देण्यात आले. पूर्वी तिचा समावेश 'सर्व्हस' या प्रजातीत होत असे; आता ती 'रूसर्व्हस' या प्रजातीत गणली जाते. बारशिंग्याच्या तीन उपजाती मानल्या जातात. पहिली उत्तर प्रदेश, उत्तराखंड व नेपाळमधील तराईच्या दलदलीत, दुसरी आसामात प्रामुख्याने काझीरंगा परिसरात आणि तिसरी मध्य भारतातील कठीण भूमीवर आढळते. तिसरीचे 'ब्रँडेरी' हे नाव मध्य प्रांतातील वनाधिकारी व वन्यजीव अभ्यासक डनबार ब्रँडर यांच्यावरून १९४३ मध्ये पोकॉक यांनी दिले.

एके काळी बारशिंग्याचा प्रसार बराच विस्तृत होता. गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात त्याचे अवशेष मिळाले आहेत. एकोणिसाव्या शतकातही गंगा व गोदावरी यांच्या दरम्यानच्या प्रदेशात तो ठिकठिकाणी आढळत असे. आज महाराष्ट्रात तो रानटी अवस्थेत नाही. मध्य भारतीय उपजाती तर दीर्घकाळ केवळ कान्हापुरतीच मर्यादित राहिली होती.

शरीररचना व ओळख :

बारशिंगा हा सांबरापेक्षा काहीसा लहान, परंतु चितळापेक्षा बराच मोठा असतो. नराची खांद्याजवळील उंची सुमारे १२० ते १३० सेंटिमीटर आणि वजन १७० ते १८० किलोग्रॅमपर्यंत असते. मादी त्याहून लहान व सडपातळ असते. अंगावरील केस किंचित लोकरीसारखे असून नराच्या मानेवर आयाळीसारखे लांब केस असतात. रंग ऋतूनुसार बदलतो. हिवाळ्यात तो तपकिरी असतो आणि माजावर आलेल्या प्रबळ नरांमध्ये अधिक गडद होतो. उन्हाळ्यात तो तांबूस व उजळ होतो आणि पाठीच्या कण्यालगत ठिपक्यांच्या पुसट ओळी दिसू लागतात. माद्यांचा रंग फिकट पिवळसर असतो, तर पाडसांच्या अंगावर स्पष्ट ठिपके असतात.

शिंगांची ठेवण ही बारशिंग्याची सर्वांत निश्चित खूण होय. सांबर व चितळ यांच्या प्रत्येक शिंगाला सामान्यतः तीन टोके असतात. बारशिंग्याच्या शिंगाला कपाळाजवळ एक फाटा फुटतो. त्यानंतर मुख्य दांडा निम्म्याहून अधिक लांबीपर्यंत फाट्याविना मागे व वर झुकत जातो आणि वरच्या भागात त्याला अनेक फाटे फुटतात. फाट्यांची गर्दी अशी वरच्या टोकाशी असल्याने दुरूनही हा प्राणी ओळखता येतो.

उपजातींमधील लक्षणीय फरक पायांत दिसतो. तराईतील बारशिंग्याचे खूर चिखलात रुतू नयेत असे फाकलेले व पसरट असतात. कान्हातील बारशिंग्याचे खूर मात्र घट्ट व आटोपशीर असून ते कोरड्या, टणक जमिनीवर चालण्यास योग्य असतात. म्हणूनच या उपजातीला कठीण भूमीवरील बारशिंगा असे म्हटले जाते. तथापि पाण्याशी असलेले जुने नाते तिने पूर्णतः तोडलेले नाही. उन्हाळ्यात कान्हातील बारशिंगे तलावात पोटापर्यंत उभे राहून पाणवनस्पती खाताना दिसतात.

अधिवास : गवताचा प्रदेश

कान्हा व्याघ्र प्रकल्प मध्य प्रदेशातील मंडला व बालाघाट या जिल्ह्यांत, सातपुड्याच्या मैकल रांगेत वसलेला आहे. त्याचे गाभाक्षेत्र ९४० चौरस किलोमीटर आहे. येथील भूरचना तीन स्तरांची आहे. खोऱ्यांत व खालच्या उतारांवर सालवृक्षांचे वन, वरच्या उतारांवर बांबू व मिश्र पानझडी वन, तर डोंगरमाथ्यावर 'दादर' या नावाने ओळखली जाणारी गवताळ पठारे आढळतात. खोऱ्यांतील सालवनाच्या मधोमध विस्तीर्ण गवताळ मैदाने आहेत. हीच बारशिंग्याची भूमी होय.

ही मैदाने केवळ निसर्गनिर्मित नाहीत. त्यांपैकी अनेक मैदाने म्हणजे बैगा व गोंड समाजाच्या जुन्या वस्त्यांच्या, शेतीच्या व फिरत्या शेतीच्या जागा होत. मनुष्याने जंगल तोडून मोकळी केलेली जागा पुढे गवताने व्यापली आणि वारंवार लागणारे वणवे, हिवाळ्यातील कडक दंव व चरणारी जनावरे यांमुळे ती मोकळी राहिली.

अन्नाच्या बाबतीत बारशिंगा हा जवळजवळ पूर्णतः गवतावर जगणारा प्राणी आहे. सांबर झाडपाला, कोवळ्या फांद्या व फळे खातो. चितळ गवत खातो, पण गवत वाळल्यावर पाने, फुले व गळालेली फळे यांवरही निभावून नेतो. बारशिंग्याला हा पर्याय फारसा नाही. कान्हातील इतर हरणे वन आणि मैदान यांच्या सीमेवर वावरतात, तर बारशिंगा मैदानाला चिकटून राहतो. शिवाय गवत त्याचे केवळ अन्न नाही. उंच गवत हे त्याच्या पाडसाचे घरही आहे, आणि त्याचे महत्त्व ऋतुचक्राच्या संदर्भात स्पष्ट होते.

ऋतुचक्र :

बारशिंग्याच्या वर्षाची मांडणी गवताच्या वाढीशी जुळलेली आहे. पावसाळा संपत आला की नरांच्या शिंगांची वाढ पूर्ण होते. वाढीच्या काळात शिंगांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली मऊ, मखमली त्वचा असते. ती सुकून गळते व कठीण शिंग उघडे पडते. हिवाळ्याच्या प्रारंभी विखुरलेले कळप मैदानात एकत्र येऊ लागतात.

मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे डिसेंबर व जानेवारीत, माजाचा काळ शिगेला पोहोचतो. या काळात नर मान उंचावून जी साद घालतात ती गाढवाच्या ओरडण्याची आठवण करून देते. पहाटेच्या थंडीत ही साद मैदानभर ऐकू येते. नर चिखलात लोळतात, शिंगांनी गवत उपटतात आणि ते शिंगांवर अडकवून मिरवतात. नरांमध्ये प्रतिष्ठेची उतरंड असते. बहुतेक प्रसंगी ताठ मानेने समोरून चालत जाणे एवढ्यानेच तिचा निर्णय होतो. तुल्यबळ नर मात्र शिंगांना शिंगे भिडवून झुंजतात. बारशिंग्याचा नर माद्यांचा कायमचा जनानखाना बाळगत नाही. माजावर आलेल्या एका मादीचा तो काही काळ पाठपुरावा करतो.

हिवाळ्याच्या अखेरीस गवत वाळते. त्याची पोषणक्षमता घटते. जळालेल्या किंवा कापलेल्या पट्ट्यांत ओलाव्याच्या आधाराने नवे कोंब फुटतात आणि बारशिंगे तेथे गोळा होतात. उन्हाळा तीव्र झाला की ते पाण्याच्या आसऱ्याला येतात, सकाळ-संध्याकाळ चरतात व दुपारी सावलीत रवंथ करतात. वैशाखाच्या सुमारास, साधारणतः मे महिन्यात, नरांची शिंगे गळतात. यानंतरचे काही महिने नर बिनशिंगी किंवा मखमली शिंगांचे असतात. नवे शिंग वाढण्यासाठी लागणारे मोठे पोषण त्यांना पावसाळ्यातील ताज्या गवतातून मिळते.

पाऊस सुरू होताच मैदानातील मोठे कळप फुटतात. गर्भधारणेचा काळ सुमारे २४० ते २५० दिवसांचा असतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत गाभण राहिलेल्या माद्या भाद्रपद-आश्विनात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास वितात. यासाठी त्या सौंफसारख्या उंच गवताच्या, निवांत मैदानांकडे वळतात. सामान्यतः एका वेळी एकच पाडस जन्मते. जन्मानंतरचे काही दिवस पाडस आईमागे फिरत नाही. ते गवतात दडून राहते आणि मादी ठरावीक वेळी येऊन त्याला पाजते. या दिवसांत पाडसाचे संरक्षण त्याच्या पायांत नसते, तर भोवतालच्या गवताच्या उंचीत असते. वाघ, बिबट्या, रानकुत्रे व कोल्हे यांच्या नजरेआड राहणे हाच त्याचा बचाव होय.

येथे एक जीवशास्त्रीय बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. चितळाची वीण वर्षातील बहुतेक काळ कमीअधिक प्रमाणात चालू असते. त्यामुळे एखादा हंगाम वाईट गेला तरी पुढील महिन्यांत जन्मणारी पाडसे ती उणीव काही अंशी भरून काढतात. बारशिंग्याचा माजाचा काळ निश्चित, विणीचा काळ निश्चित आणि पाडसही एकच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उंच गवत मिळाले नाही, तर केवळ काही आठवडे वाया जात नाहीत. कळपाचे संपूर्ण वर्ष वाया जाते. अशी वर्षे सलग आली की बंदुकीची एकही गोळी न झाडता कळप म्हातारा होत जातो आणि संपतो.

ऱ्हासाची कारणमीमांसा :

बारशिंग्याच्या ऱ्हासात शिकारीचा वाटा होताच. मोकळ्या मैदानात, दिवसाउजेडी, कळपाने वावरणारा व भव्य शिंगांचा हा प्राणी शिकाऱ्याला सहज लक्ष्य करता येत असे. नदीकाठची व खोऱ्यांतील सुपीक गवताळ जमीन शेतीखाली गेल्याने त्याचा प्रदेशही आक्रसला. परंतु उद्यान घोषित झाल्यानंतरची घट केवळ या कारणांनी स्पष्ट होत नाही.

अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शेलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हात राहून वाघ व त्याच्या भक्ष्य प्राण्यांचा अभ्यास केला. त्यावर आधारित त्यांचा 'द डिअर अँड द टायगर' हा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी स्विस प्राणिशास्त्रज्ञ क्लॉड मार्टिन यांनी बारशिंग्याचाच विशेष अभ्यास केला. अशा अभ्यासांतून बारशिंग्याच्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. किती जनावरे मारली गेली यापेक्षा किती पाडसे वाढली नाहीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

उद्यानाच्या आतील गावांची गुरे पावसाळ्यात याच मैदानांत चरत असत. गवत वाढण्याच्या ऐन काळात ते खुडले गेल्याने विणीच्या वेळी त्याची उंची अपुरी राही. दरवर्षी सरसकट लावल्या जाणाऱ्या आगींमुळे जुने गवत उरत नसे आणि गवताच्या काही जाती मागे पडत. गुरांकडून रोगांचा प्रसार होत असावा, विशेषतः गर्भपातास कारणीभूत ठरणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाचा, अशीही शंका व्यक्त झाली. मूळ संख्याच अल्प झाल्यावर वाघ-बिबट्यांकडून होणारी स्वाभाविक शिकारदेखील जड ठरू लागली. या सर्व कारणांचा रोख एकाच ठिकाणी होता, तो म्हणजे गवत आणि त्यात वाढणारे पाडस. उद्यानाच्या कायद्याने प्राण्याचे रक्षण केले होते, त्याच्या विणीच्या हंगामाचे नव्हे.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न :

१९७० च्या सुमारास कान्हाच्या मैदानातच कुंपण घालून काही बारशिंगे हिंस्र प्राण्यांपासून सुरक्षित अशा आवारात ठेवण्यात आले. तेथे वाढलेले प्राणी पुढे टप्प्याटप्प्याने मोकळे सोडण्यात आले. याच सुमारास सौंफ येथील गाव स्थलांतरित झाले आणि तेथील शेतजमीन व कुरण उंच गवताखाली आले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाल्यावर गाभाक्षेत्रातील आणखी गावे हलविण्यात आली, गुरांच्या चराईवर निर्बंध आले आणि आगीवर नियंत्रण ठेवले जाऊ लागले. या काळात कान्हाचे क्षेत्रसंचालक असलेल्या एच. एस. पनवार यांनी या व्यवस्थापनाला दिशा दिली. मोकळ्या झालेल्या मैदानांत माद्या विण्यासाठी जाऊ लागल्या आणि पाडसांचे प्रमाण वाढले. कुंपणाने मूठभर प्राणी वाचविले; परंतु संख्या वाढविली ती गवताने.

२०२० च्या सुमारास कान्हातील बारशिंग्यांची संख्या आठशेच्या घरात पोहोचली होती. एकाच ठिकाणी संपूर्ण उपजाती असणे धोक्याचे असते. एखादी साथ किंवा दुष्काळ तिला एकाच वेळी संपवू शकतो. म्हणून २०१५ मध्ये कान्हातून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात हलविण्यात आले आणि २०२३ मध्ये बांधवगडमध्ये १९ प्राण्यांची पहिली तुकडी नेण्यात आली. हा प्राणी अत्यंत बुजरा असल्याने त्याला बेशुद्ध करून नेणे जोखमीचे असते. त्यामुळे नरसाळ्याच्या आकाराच्या, आडोसा असलेल्या कुंपणातून कळपाला हळूहळू थेट वाहनात नेण्याची 'बोमा' ही आफ्रिकेतील पद्धत अवलंबिण्यात आली. मध्य प्रदेशाने बारशिंग्याला राज्यप्राण्याचा दर्जा दिला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे.

अनुत्तरित प्रश्न :

या यशाची दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. ज्या मैदानांवर बारशिंगा जगला ती मैदाने ज्या समाजांच्या वस्तीतून व शेतीतून निर्माण झाली, त्याच समाजांना ती सोडावी लागली. बैगा व गोंड कुटुंबांच्या दृष्टीने स्थलांतर म्हणजे केवळ घराची जागा बदलणे नव्हते. शेती, वनोपज, देवस्थाने व पिढ्यान्‌पिढ्यांचे परिसरज्ञान यांपासून तुटणे होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा स्थलांतरासाठी हक्कांची मान्यता व ग्रामसभेची संमती आवश्यक ठरविली. ही तरतूद १९७० च्या दशकात अस्तित्वात नव्हती. बारशिंग्याच्या पुनरुज्जीवनाचा हिशेब मांडताना ही किंमतही त्यात धरली पाहिजे.

दुसरा प्रश्न पर्यावरणीय आहे. माणूस व गुरे गेल्यावर मैदान आपोआप मैदान राहत नाही. कडेने झाडांची रोपे आत सरकतात, निरुपयोगी तण पसरते आणि काही वर्षांत गवताच्या जागी झुडपांचे रान उभे राहते. दुसरीकडे चितळांची संख्या फार वाढली तर त्यांच्या सततच्या चरण्याने गवत आखूडच राहते आणि बारशिंग्याच्या पाडसाला हवा असलेला आडोसा मिळत नाही. म्हणून रोपे व तण उपटणे, ठरावीक पट्ट्यांत क्रमाने गवत कापणे किंवा जाळणे आणि काही क्षेत्र चितळांपासून राखून ठेवणे ही कामे वनव्यवस्थापनाला सातत्याने करावी लागतात. जे पूर्वी मनुष्यवस्तीमुळे सहज घडत होते, ते आता नियोजनपूर्वक करावे लागते.

समारोप :

बारशिंग्याचे वर्ष गवताच्या वाढीवर बेतलेले आहे. गवत वाळते तेव्हा त्याचे कळप कोवळ्या कोंबांच्या शोधात फिरतात. गवत वाढते तेव्हा त्याची शिंगे वाढतात आणि गवत पुरुषभर उंच होते तेव्हा त्याची पाडसे जन्मतात. या साखळीतील एक कडी तुटली की कायद्याचे संरक्षण असूनही हा प्राणी टिकत नाही, हे १९५५ ते १९७० या काळातील घटीने दाखवून दिले. तीच कडी पुन्हा सांधली की तो सावरतो, हे त्यानंतरच्या अर्धशतकाने सिद्ध केले.

महाराष्ट्रातील वाचकाच्या दृष्टीनेही हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. झाडे म्हणजे वन आणि गवत म्हणजे पडीक जमीन, ही समजूत प्रशासनात व लोकमानसात खोलवर रुजलेली आहे. दख्खनच्या माळरानांवर होणारी सरसकट वृक्षलागवड हे तिचेच फलित होय. काळवीट, माळढोक व तणमोर यांच्यासारख्या गवताळ प्रदेशातील प्राणी-पक्ष्यांना अशा वनीकरणामुळे जागा उरत नाही. एखाद्या जातीचे संरक्षण म्हणजे तिची शिकार थांबविणे एवढेच नसून, तिच्या वर्षातील सर्वांत नाजूक आठवड्यांत तिला काय लागते हे ओळखून ते उपलब्ध ठेवणे होय. कान्हाच्या बारशिंग्याच्या बाबतीत ती गरज सप्टेंबरमधील उंच गवताची होती. अन्य जातींच्या बाबतीत ती कोणती, याचा शोध घेणे हे क्षेत्रीय अभ्यासाचे काम असून महाविद्यालयीन स्तरावरील प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विषयांच्या संयुक्त अभ्यासाला त्यात मोठा वाव आहे.